फाईल बदलण्याआधी तिच्यात काय आहे ते बघ

अगं, तू कळंबची असशील, उमरग्याची, नाहीतर भूम-परंड्याकडची. घरातल्या संगणकाचं सगळं तुझ्याच गळ्यात पडत असणार. कपाटात जुन्या सीड्यांचा डबा असतो. त्यात बहिणीच्या लग्नाची व्हीसीडी, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, तुळजापूरच्या आराधी गाण्यांची सीडी. कुणीतरी जपून ठेवायचं म्हणून त्यांच्या इमेज फाईली, म्हणजे सीडीच्या जशाच्या तशा प्रती, करून हार्ड डिस्कवर टाकलेल्या असतात. आता त्या उघडायला जावं तर कुणाच्या नावामागं एनआरजी, कुणाच्या मागं एमडीएफ, कुठं बिन आणि क्यूची जोडी. घरातले विचारतात, ‘होईल का गं काही?’ होतं. पण घाई करू नकोस, आधी माझं ऐक.

सीडी लिहिणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरनं आपापली पद्धत काढली होती. एनआरजी नीरोची, एमडीएफ अल्कोहोलची, सीसीडी क्लोनसीडीची. ती सॉफ्टवेअरं मागं पडली की फाईली पोरक्या होतात. आयएसओ मात्र कुठल्या एका कंपनीची नाही. तिच्यामागं १९८८ सालचं आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विंडोज ८ पासून पुढच्या विंडोजमध्ये, मॅकवर आणि लिनक्सवर ती जोडणीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडते. म्हणून जपून ठेवायचं ते आयएसओमध्ये.

आता मनातलं सांगते. फुकटात फाईल बदलून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही ठिकाणी घरच्या लग्नाचं चित्रीकरण चढवू नकोस. त्यात आपल्या घरच्या बायका आहेत, लेकरं आहेत. ते परक्याच्या संगणकावर का जावं? आणि अनोळखी ठिकाणचं ‘कन्व्हर्टर’ उतरवून घेतलंस तर सोबत काय येईल याचा भरवसा नाही. उबुंटू किंवा मिंट लिनक्स टाकलेला एखादा जुना संगणक घे आणि टर्मिनल उघड. लागणारी हत्यारं लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातच फुकट मिळतात, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसलं तरी चालतं. काळ्या पडद्याला बिचकू नकोस. तिथं एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर वाचायचं. या कामात नुकसान बहुधा एकाच गोष्टीनं होतं, मूळ फाईलीवरच नवी लिहिल्यानं. म्हणून नव्या फाईलीला नेहमी वेगळं नाव दे. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत लिही.

पहिली आज्ञा ‘फाइल’. हा शब्द इंग्रजीत लिहायचा, पुढं इमेजचं नाव. उत्तरात आयएसओ ९६६० असं आलं आणि सोबत ‘रॉ’ हा शब्द नसेल तर ती आतून आयएसओच आहे, फक्त नावाचं शेपूट बदलायचं. डीव्हीडीच्या एमडीएफ फाईली पुष्कळदा अशाच निघतात.

नीरोच्या फाईलीसाठी ‘एनआरजी-टू-आयएसओ’ नावाचं हत्यार आहे. इंग्रजीत लिहिताना ‘टू’च्या जागी २ हा आकडा आणि सगळं सलग. मग जुन्या फाईलीचं नाव, मग नव्या. एकाच डेटा ट्रॅकच्या सीडीचं काम साधं आहे. नीरो सुरुवातीला १५० सेक्टर, म्हणजे ३,०७,२०० बाइट जास्तीचे ठेवतो, ते हे हत्यार सोडून देतं. एमडीएफ आणि इतर बऱ्याच प्रकारांसाठी ‘आयएटी’ आहे, त्यालाही आधी जुनं नाव, मग नवं. बिन-क्यूच्या जोडीला ‘बी-चंक’ लागतं. त्याला तीन नावं द्यायची: बिन, क्यू आणि नव्या फाईलीचं. क्यूमध्ये कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो ते लिहिलेलं असतं, म्हणून ती छोटीशी फाईल कचरा समजून पुसू नकोस.

आतलं गणित कळलं की तुझा हात चुकणार नाही. सीडीच्या एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. साध्या डेटा सीडीत त्यातले २,०४८ आपल्या माहितीचे, बाकीचे पत्ता आणि चुका सुधारण्यासाठी. आयएसओ करताना हत्यार सुपात पाखडल्यासारखं करतं, दाणे ठेवतं आणि फोल उडवतं.

आणि इथंच व्हीसीडीचं नीट ऐक. आपल्याकडच्या कितीतरी लग्नांच्या सीड्या व्हीसीडी आहेत. त्यांच्यात चित्रफितीच्या सेक्टरमध्ये २,३२४ बाइट चित्र-आवाजाचे असतात. ते २,०४८ मध्ये कोंबले तर दर सेक्टरमागं २७६ बाइट जातात. आयएसओ तयार होईल, आत फोल्डरही दिसतील, पण लग्न लागत असतानाचं चित्र तुटेल नाहीतर दिसणारच नाही. सीडीत ‘एमपेगएव्ही’ नावाचं फोल्डर आणि ‘डॅट’ शेपटाची फाईल दिसली की आयएसओचा नाद सोड. ‘व्हीसीडी-इमेजर’ या संचातलं ‘व्हीसीडी-एक्स-रिप’ वापर. ते बिन फाईलीतून थेट एमपेग चित्रफीत काढून देतं. गाण्यांच्या सीडीचंही तसंच, तिच्यात फाईलींची रचनाच नसते. बी-चंकला ‘डब्ल्यू’चा पर्याय दिलास की प्रत्येक गाणं वेव्ह फाईल होऊन बाहेर येतं.

इमेज नसून सीडीच हातात असेल आणि ती ओरखडलेली असेल, तर जीएनयूचं ‘डीडी-रेस्क्यू’ वापर. जे वाचता येतं ते ते आधी काढून घेतं आणि कुठं अडलं त्याची नोंद ठेवतं, म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवर राहिलेल्या भागासाठी पुन्हा प्रयत्न करता येतो.

काम झालं की आयएसओ जोडून आतली सुरुवातीची, मधली आणि शेवटची फाईल उघडून बघ. मग ‘शा-२५६-सम’नं तिचा ठसा काढून एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहून ठेव. पुढं कधी प्रत केलीस की ठसा जुळतो का बघायचं. नाव देताना वेष्टणावर उस्मानाबाद असेल तर तेही लिही आणि धाराशिवही लिही. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शोधणारा कुठल्याही नावानं शोधेल.

एक अपेक्षा मात्र ठेवू नकोस. जुन्या सीडीतला मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टाईप केलेला असेल तर आयएसओ करूनही अक्षरं विचित्रच दिसतील. त्याला युनिकोडमध्ये वेगळं बदलावं लागतं. फाईल बिघडली असं समजून ती टाकून देऊ नकोस.

तुला हे येतं असं कळलं की शेजारपाजारचे, नात्यातले सीड्या घेऊन येतील. काम घेण्याआधी सीडी उजेडात धरून बघ. चकाकणारा थर उडालेला असेल तर तिथलं परत येणार नाही, हे त्यांना तोंडावर सांग. काम झाल्यावर दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायला लाव. आणि तुझ्या कामाचे पैसे घे गं. वेळ तुझा जातो, डोळे तुझे शिणतात, आणि दुसऱ्याच्या घरची आठवण सांभाळून परत द्यायची जबाबदारीही तुझीच असते. घरातल्या घरात बसून केलं म्हणून ते काम लहान होत नाही. दर ठरव, कागदावर लिहून ठेव आणि आपल्या माणसालाही तोच सांग.