आधी माप, मग माल

संगणकाच्या अंतरंगावरील लेख बी.ए. भाग २ च्या आणि तोही मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज टिपणे, प्रकल्प, परीक्षेचे अर्ज अशी आपली पुष्कळ कामे संगणकावर होतात. आणि आमच्यासारख्या घरात नवा संगणक परवडत नाही, जुनाच सुधारून वापरावा लागतो. तो सुधारताना मी केलेली चूक इतरांनी करू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील, म्हणजे अण्णा, सातवी शिकलेले. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात. एका कार्यालयातून निघालेला जुना संगणक त्यांनी माझ्यासाठी विकत आणला. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. यंत्र चाले, पण फार संथ. दिवाळीच्या सुट्टीत एका दुकानात काम करून मी थोडे पैसे जमवले होते. 'रॅम वाढव' असे मित्राने सुचवले. मी बाजारात जाऊन "८ जीबी रॅम द्या" एवढेच म्हणालो, पैसे मोजले आणि घरी येऊन पाकीट फोडले.

रॅम खाचेत बसेना. अंगठ्याने जोर देणार, तोच अण्णांनी माझा हात धरला. "थांब. बसत न्हाई म्हंजे माप चुकलंय. जोर लावलास तर आटं मरत्यात."

माप खरोखरच चुकले होते. माझ्या यंत्राला डीडीआर-३ जातीची रॅम लागते. मी आणली होती डीडीआर-४. पहिलीला २४० टोके, दुसरीला २८८. पहिली साधारणपणे १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.२ व्होल्टवर. चुकीची रॅम बसूच नये म्हणून मधली खाचही मुद्दाम निराळ्या जागी ठेवलेली असते. पाकीट फोडलेले असल्यामुळे माल परत झाला नाही. चूक दुकानदाराची नव्हती. मी किती हवी ते सांगितले, कोणती ते सांगितलेच नव्हते.

त्यानंतर मी महिनाभर काही खरेदी न करता केवळ वाचन केले. संगणकाचा प्रत्येक भाग ज्या पाटीवर बसतो तिला मदरबोर्ड म्हणतात. काय बसेल आणि काय बसणार नाही, हे तीच ठरवते. म्हणून प्रथम तिचे नाव व क्रमांक पाहावा. सीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये तो दिसतो. रॅमच्या खाचा किती व त्यांपैकी किती भरलेल्या आहेत, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही कळते.

प्रोसेसरची गोष्ट अधिक फसवी आहे. माझा चौथ्या पिढीचा प्रोसेसर एलजीए ११५० या सॉकेटात बसतो. सहाव्या व सातव्या पिढीचे सॉकेट एलजीए ११५१. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या सॉकेटाचे नावही तेच. तरीसुद्धा सहाव्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. हे अण्णांना सांगितले तेव्हा ते हसले. बोल्टाचा व्यास तोच, पण पीच निराळा असला तर नट दोन आटे चढतो आणि अडकतो, हे त्यांना रोजचेच!

वीजपुरवठ्याचेही तसेच. ग्राफिक्स कार्डाला त्याच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून निराळी वायर द्यावी लागते. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत पॉवर सप्लायची जोडणीच वेगळी असते. तिथे बाजारातला साधा पॉवर सप्लाय लागत नाही.

मापाचे हे महत्त्व कोल्हापूरला नवे नाही. बाबूराव पेंटर यांनी याच गावात चित्रपटाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. कॅमेरा कोल्हापूरचा, पण फिल्म परदेशातून येणारी. तिची रुंदी ३५ मिलिमीटर, आणि दर चित्रामागे प्रत्येक कडेला चार छिद्रे. कॅमेऱ्याचे दाते त्या छिद्रांत नेमके बसले नसते, तर सारे कौशल्य वाया गेले असते.

आता प्रश्न उरला, जुन्या यंत्रावर पैसे घालावेत किती? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा बहुतांशी आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे माझे यंत्र अधिकृतपणे तिथवर जात नाही. तेव्हा मी एक कसोटी लावली : पुढच्या यंत्रात माझ्याबरोबर काय येईल? डीडीआर-३ रॅम येणार नाही. म्हणून ती ४ जीबीची, जुन्या बाजारातलीच घेतली. साटा जोडणीची एसएसडी बहुधा येईल. म्हणून ती नवी घेतली. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर माहिती शोधावी लागते, एसएसडीत फिरणारे काहीच नसते. खरा फरक तिनेच पडला. विंडोजऐवजी लिनक्स घातले. त्यात इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठी उत्तम लिहिता येते. प्रस्तुत लेख त्यावरच लिहिला आहे.

ती चुकीची रॅम अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. अण्णा तिच्याविषयी कधी बोलले नाहीत. मात्र नवी एसएसडी आणायला निघालो तेव्हा त्यांनी दारातच विचारले, "कागदावर लिवून घेतलंस न्हवं?" मी खिशातला कागद काढून दाखवला.

वर्गमित्रांपैकी कोणाला आपला जुना संगणक सुधारायचा असल्यास मी आनंदाने मदत करीन. मात्र येताना पैसे आणू नयेत. मदरबोर्डचे नाव लिहून आणावे.