काय ते दुसरीपर्यंतच

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक म्हणून लागलो आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. गरीब देश वर कसे येतात यावर जाणकार बोलतात, त्यांनी बोलावं. मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून जे पाहिलं ते सांगतो.

१. पट भरला म्हणजे मुलं शिकली असं समजू नये.

आमच्या सुरुवातीच्या काळात पोरं गोळा करणं हेच निम्मं काम होतं. १९९५ला पोषण आहार आला. तेव्हा ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. शिजवलेली खिचडी नंतरची. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पट भरला, आणि तो भरणं हे लहान काम नव्हतं. पण ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतो. त्यात २०१८मध्ये देशातल्या ग्रामीण भागातली पाचवीची निम्मीच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. कोरोनानंतर २०२२ला तो आकडा शंभरात ४३वर आला. हजेरीपत्रकात मात्र सगळे हजर.

२. पाठांतराला वाचन समजू नये.

एका शाळेत पाचवीतल्या मुलाला धडा वाचायला सांगितला. खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. गुरुजी खूश. माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. तोंड तिसऱ्या ओळीवर होतं आणि बोट पहिल्याच ओळीवर फिरत होतं. त्याच धड्यातले चार शब्द उलटसुलट करून पाटीवर लिहून दिले. पोरगं गप्प. ‘क्ष’पाशी आलं आणि माझ्याकडे बघायला लागलं. चार वर्षं ते शेजारच्यांच्या सुरात सूर मिसळून पुढे सरकत आलं होतं, आणि ते हुशार होतं म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरीपर्यंत वाचन बसलं नाही तर तिसरीपासून प्रत्येक पुस्तक बंद. परिसर अभ्यास बंद, शाब्दिक उदाहरणंही बंद. मग ‘गणितात कच्चा’ असा शेरा बसतो. खरं तर उदाहरणच त्याला वाचता आलेलं नसतं.

३. पुस्तकं वाटून भागत नाही. मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात करावी लागते.

पश्चिम केनियात नव्वदच्या दशकात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना पाठ्यपुस्तकं दिली आणि निकाल तपासले. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक मातृभाषेत आणि फुकट, तरी गत तीच. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ने वस्तीतल्याच मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमलं आणि मागे राहिलेल्या मुलांना वेगळं बसवून अक्षरापासून शिकवलं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी ते मोजलं, तर मुलं खरोखर पुढे गेली होती. २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि क्रेमर यांना मिळालं. (बॅनर्जींची आई मराठी, माहेरची पाटणकर. शिक्षण परिषदेत हे सांगितलं की मागच्या रांगेतले डुलक्या घेणारेही सावरून बसायचे.) मुलांना असं पुढे न्यायला पदवी लागली नाही, महागडा स्मार्ट बोर्ड लागला नाही.

४. शिक्षणाची किंमत मुकादमाच्या वहीत दिसते.

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर टनावारी मजुरीतून ती फेडायची. हिशोब मुकादमाच्या वहीत, आणि तो म्हणेल ती बाकी. माझी एक विद्यार्थिनी, शिकली सातवीपर्यंतच, लग्न होऊन तोडीला जायला लागली. तिने स्वतःची शंभर पानी वही ठेवली: तारीख, गाडी, टन, पावती. हंगाम संपताना मुकादमाने बाकी सांगितली. तिने खोपीतून वही आणली आणि एकेक गाडी वाचून दाखवायला सुरुवात केली. सासऱ्याने जन्मभर अंगठाच दिलेला, तो मधेच तिला गप्प करायला बघत होता. दोन पानं झाल्यावर मुकादम म्हणाला, ‘असू दे ताई, माझं बघायचं राहिलं असंल.’ बाकी खाली आली. त्याच गावात बी.ए. झालेला तरुण मी पाहिलाय, पतसंस्थेच्या कर्जाचं व्याज त्याला काढता येत नव्हतं.

हानुशेक आणि वोसमन या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांचे आकडे लावून हेच मांडलं: देशाच्या आर्थिक वाढीशी नातं आहे ते मुलांना प्रत्यक्ष काय येतं याचं, शाळेत किती वर्षं काढली यावरून फारसं कळत नाही. लॅटिन अमेरिकेत शाळेत जाणाऱ्यांची वर्षं वाढली, पण शिकणं कमी पडलं आणि वाढही रखडली. पूर्व आशिया पुढे निघून गेला.

५. शिक्षकाचा वेळ कुठे जातो ते आधी बघावं.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने अशैक्षणिक कामं बंद केली. फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून. त्या तीन दारांतून किती दिवस जातात ते कुठल्याही गुरुजींना विचारा. उरलेला वेळ मोबाइलवर माहिती भरण्यात. ‘आजच, तात्काळ’ असा शेरा नसलेलं टपाल मला तरी आठवत नाही.

६. पैसा वरून खाली झिरपत नाही.

१८८२ला हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आधी प्राथमिक शिक्षणाकडे बघा, शिक्षकांना नीट पगार द्या, असं त्यांचं म्हणणं. आज ते निवेदन नवीन तारीख टाकून पाठवलं तरी चालेल.

७. पहिलीचा वर्ग शाळेतल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकाला द्यावा.

जूनमध्ये वर्गवाटपाची बैठक असते. सातवी घ्यायला सगळे तयार. पहिलीचं नाव निघालं की माना खाली. मग नव्याने लागलेल्याच्या गळ्यात तो वर्ग पडतो, नाहीतर ‘बाई, लहान लेकरं तुमच्याकडंच बरी’ म्हणून बाईंकडे जातो. कधी मुख्याध्यापकच घेतात, म्हणजे ते पंचायत समितीत मीटिंगला आणि पहिली वऱ्हांड्यात. माझ्या केंद्रात दोन शाळांनी हे उलटं केलं, मुरलेले शिक्षक पहिली-दुसरीला दिले. दिवाळीपर्यंत दुसरीची बरीच पोरं गोष्ट वाचायला लागली. पुढच्या जूनमध्ये त्यातल्या एका गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्याने पहिल्याच दिवशी सातवी मागितली, आणि ती त्याला मिळाली.