पंपिंग कमी होते तेव्हा

शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलणे हृदयाला जमत नाही, किंवा आतला दाब वाढवूनच जमते, या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. हार्ट अटॅक अचानक येतो. हार्ट फेल्युअर मात्र बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढते आणि म्हणूनच अंगावर काढला जातो. प्रस्तुत लेखक कुरुळीत राहणारा, चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात शिफ्टची नोकरी केलेला आणि याच आजाराचा रुग्ण आहे. पुढील सूचनांना त्या अनुभवाचा आधार आहे.

निरोगी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात सुमारे १२० मिलिलिटर रक्त भरते आणि दर ठोक्याला त्यातले ७० मिलिलिटरच्या आसपास बाहेर पडते. हे प्रमाण टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘ईएफ’ म्हणून टक्क्यांत येते. बोलताना सगळे त्याला पंपिंग म्हणतात. त्यावरून आजाराचे प्रकार ठरतात. ईएफ ४० टक्के किंवा कमी असेल, तर स्नायू दुबळा होऊन आकुंचन कमी पडलेले असते. ५० किंवा अधिक असूनही आजार असेल, तर स्नायू ताठर होऊन कप्पा नीट सैलावत व भरत नाही; वाढते वय, रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा यांत हे अधिक आढळते. ४१ ते ४९ हा मधला गट. म्हणजे पंपिंग चांगले आले, तरी धाप लागत असेल तर विषय संपत नाही.

डावी बाजू थकली की पाणी फुप्फुसांत साचते आणि धाप लागते. उजवी थकली की पाय, पोट आणि यकृत सुजतात. उजवी बाजू बहुधा डावीमुळेच थकते; कधी विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने खराब झालेल्या फुप्फुसांमुळेही.

कारणांत पहिले स्थान हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांचे आणि होऊन गेलेल्या अटॅकचे. त्यानंतर वर्षानुवर्षे न तपासलेला रक्तदाब, मधुमेह, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा, दारू, विषाणूंचा संसर्ग, काही कर्करोगाची औषधे आणि बाळंतपणाच्या सुमारास येणारा हृदयाच्या स्नायूंचा आजार. तीव्र रक्तक्षय आणि थायरॉइडचा बिघाडही हृदयाला थकवतात.

आजार वाढतो तो शरीराच्या बचावातूनच. रक्त कमी पोचले की मूत्रपिंडे पाणी कमी पडल्यासारखी वागतात, रेनिन सोडतात आणि मीठ-पाणी धरून ठेवतात. ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात. काही काळ यावर निभावते. पण ओझे वाढत जाऊन कप्पा फुगतो आणि स्नायू आणखी कमजोर होतो. आजची मुख्य औषधे हेच चक्र तोडतात: रामिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि मुळात मधुमेहासाठी आलेले डॅपाग्लिफ्लोझिन. लघवीची गोळी साचलेले पाणी काढते, पण मूळ आजार तिने थांबत नाही.

कारखान्यात लक्षणांना सबबी भरपूर मिळतात. सेफ्टी शूज सकाळी सैल आणि शिफ्ट सुटताना घट्ट झाले, तर दोष दिवसभर उभे राहण्याला जातो. रात्रीचा खोकला पुणे-नाशिक महामार्गाच्या धुळीच्या माथी मारला जातो, छातीतला जडपणा गॅसच्या. दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नसेल, किंवा धाप लागून मध्यरात्री उठून बसावे लागत असेल, तर ईसीजी आणि टू-डी इको लांबवू नये. चाकण भागातल्यांना पिंपरीतील महापालिकेचे वायसीएम रुग्णालय जवळ आहे. ईएसआय कार्ड असलेल्यांना त्या योजनेतूनही उपचार मिळतात.

निदान झाल्यावर रोज सकाळी शौचानंतर, चहाआधी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते पाणी समजून डॉक्टरांना कळवावे. कँटीनच्या ताटातले लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ बंद करावे. कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी परस्पर घेऊ नये. ती मीठ-पाणी अडवते आणि मूत्रपिंडांवर ताण आणते. लाइन सोडता येत नाही म्हणून लघवीची गोळी चुकवण्यापेक्षा शिफ्टप्रमाणे तिची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. तंबाखू, मिसरी आणि दारू कायमची सोडावी.

बसल्या जागी धाप लागली, गुलाबी फेसाळ कफ पडला किंवा शुद्ध हरपू लागली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आणि बरे वाटू लागले, तर ते गोळ्यांमुळे वाटते आहे हे ध्यानात ठेवून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.