परक्या मुलखातली शेकोटी



डिसेंबर लागला की कळंबा तलावावरून येणारा पहाटेचा वारा अंगाला झोंबू लागतो आणि सकाळच्या मिस्सेला शाली-स्वेटर दिसू लागतात. याच सुमारास एखादा तरुण किंवा तरुणी शिफारसपत्रासाठी आमच्याकडे येते. परदेशातील एखाद्या रुग्णालयात किंवा निर्वासितांच्या छावणीत वर्षभर विनावेतन सेवा करण्याची इच्छा असते. पत्र आम्ही आनंदाने देतो. परंतु नर्सिंग पूर्ण केलेल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "फादर, घरी आई एकटीच आहे. मी जाऊ की नको?" या प्रश्नाचे उत्तर शिफारसपत्रात मावत नाही. म्हणून आज आपण सोलापूरच्या एका डॉक्टरांच्या जीवनाचा अभ्यास करू या.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढील अभ्यासाची तयारी चालू असतानाच, जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला मदत पाठवण्याचे आवाहन झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबईहून जहाजाने निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीसही होते.

पथक चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली. घरी परतले असते तर कोणीही दोष दिला नसता. ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत, ऐन हिवाळ्यात, पथक उत्तरेकडील येनानला पोहोचले.

सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तो हिवाळा कसा वाटला असेल! तिकडे पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, नद्या गोठतात आणि वायव्येकडून पिवळ्या धुळीची वादळे येतात. येनानमध्ये लोक मातीच्या टेकड्या कोरून केलेल्या गुहांत राहत. रोजच्या जेवणात मुख्यतः राळे असत. पुढे कोटणीस हपेई प्रांताच्या डोंगराळ भागात, युद्धाच्या आघाडीजवळ गेले. तेथे जखमी सैनिकांना गावकऱ्यांच्याच घरांत ठेवीत. त्या घरांत विटांचा एक ओटा असतो. चुलीची ऊब त्या ओट्याखालून फिरते आणि रात्री सारे कुटुंब त्यावर झोपते. औषधांचा तुटवडा होता, शत्रूचा वेढा होता. पण गरिबांच्या चुलीची ऊब होती.

येथे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांची आठवण येते. संत पौलाचे जहाज हिवाळी वादळात सापडून फुटले आणि त्यातील २७६ माणसे माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागली. पाऊस आणि थंडी होती. बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून त्या अनोळखी माणसांना जवळ घेतले. आपल्या नजरेतून एक लहानशी गोष्ट सुटून जाते : पौल नुसता शेकत बसला नाही. त्यानेही काटक्या गोळा केल्या. बेटावरच्या आजाऱ्यांसाठी त्याने प्रार्थना केली, ती त्यानंतर. आधी तो पाहुणा झाला, मग सेवक झाला.

कोटणीसांनी हेच केले. ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले व त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी तेथील परिचारिका को चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाच्या नावात भारत आणि चीन हे दोन्ही देश गुंफले गेले : यिनहुआ. तो जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेफऱ्याच्या आजाराने कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. पथकातील बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले. १९४६ साली आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

कोटणीस ख्रिस्ती नव्हते. शेवटच्या वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. हे आम्ही लपवीत नाही. वाटेवर जखमी पडलेल्या माणसाजवळ थांबणारा शोमरोनी कोणत्या पंथाचा, हे ठाऊक असूनच प्रभूने त्याला आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेवले.

मग त्या मुलीला काय सांगावे? संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न हाताळला आहे. ते म्हणतात, एरवी आपल्या माणसांचा हक्क पहिला. परंतु परका माणूस अत्यंत गरजेत असेल आणि आपल्या वडिलांची गरज तेवढी तीव्र नसेल, तर परक्याला आधी मदत करणे योग्य ठरू शकते. मात्र सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही. विवेकाने निर्णय घ्यावा लागतो, असेही ते बजावतात. म्हणून आम्ही तिला म्हटले, "आधी आईजवळ बस. तिला खरोखर काय हवे आहे ते विचार. दुसरे कोणी तिच्याजवळ राहू शकेल का ते पाहा. मग ठरव. आणि गेलीस तर तिथली भाषा शिकण्याइतकी रहा." कोटणीसांचा निर्णय योग्य होता की नव्हता, याचा निवाडा आम्ही करणार नाही. त्याची किंमत सोलापूरच्या घरानेही मोजली, एवढे मात्र विसरू नये.

ज्यांना जाता येत नाही त्यांनी खंत करू नये. आपल्या परिसरात ऊसतोडीचा हंगाम चालू आहे. मराठवाड्यातून आलेली कुटुंबे शेताकडेच्या खोपीत लेकराबाळांसह थंडी काढत आहेत. त्यांच्यासाठी हा परका मुलूख आहे. या गोष्टीत आपण माल्टाचे लोक आहोत, आणि शेकोटी पेटवणे आपल्याकडे आहे.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. मदत करण्याआधी मदत स्वीकारणे आपल्याला अवघड का जाते?
२. दूरच्याची गरज आणि घरच्यांची गरज यांत निवड करावी लागली, तेव्हा आपण कोणाशी बोललो?
३. या आठवड्यात एखाद्या खोपीपर्यंत आपण काय घेऊन जाऊ शकतो?