ठोका मोज, मग पाना उचल

चि. संदेश,

आटे पाडताना तुझा जुना लेथ ठकठक करतो, म्हणून तू क्वाड्रंटचा नट सैल करून गिअर एकमेकांत घट्ट दाबून बसवलेस. ठकठक तशीच राहिली आणि वर घरघर सुरू झाली. याचं मला नवल वाटलं नाही. नटाला पाना लावण्याआधी ठोका किती फेऱ्यांनी येतो ते मोजायला हवं होतं. गिअरच्या रांगेत प्रत्येक चाक आपापल्या वेगाने फिरतं, आणि दोष ज्या चाकात असतो त्याचा ठोका त्याच चाकाच्या फेरीला येतो. तेवढा हिशेब केलास की रांगेतलं दोषी चाक कागदावरच सापडतं, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

तुझाच जोड घे. लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा आणि तू पाडतोस आठ, म्हणजे स्पिंडलच्या दोन फेऱ्यांत स्क्रूची एक फेरी. वर ३० दात्यांचा गिअर, स्क्रूवर ६० चा, मध्ये ८० चा आयडलर. स्पिंडलपासून ३० पर्यंतचा वेग सारखाच आहे, हे चक हाताने एक फेरी फिरवून आधी पाहून घे. मग चकवर खडूची खूण कर, गिअरचं झाकण लावून सगळ्यात कमी वेगावर लेथ चालव आणि मोज. ठोका दर फेरीला त्याच खुणेवर आला तर दोष ३० च्या गिअरमध्ये, टंबलरपाशी किंवा हेडस्टॉकमध्ये. तो दोन फेऱ्यांनी आला तर ६० चा गिअर किंवा स्क्रू. आणि ठोक्याची जागा दर वेळी खुणेपासून सरकत गेली, आठ फेऱ्यांत तीन ठोके पडून पुन्हा मूळ जागी आली, तर तो आयडलर, कारण ८० ला ३० ने भागलं की दोन पूर्णांक दोन तृतीयांश येतात. आयडलर गुणोत्तर बदलत नाही, म्हणून त्याच्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. पण तो एका अंगाने जोर घेतो आणि दुसऱ्या अंगाने देतो. दात्याच्या एकाच अंगाला टवका असेल तर त्याच्या फेरीत एकच ठोका ऐकू येईल. मुळाशी चिप अडकून चेपली असेल तर दोन, एक ३० शी भेटताना आणि एक ६० शी.

अडकलेली चिप हे कारण जितकं क्षुल्लक तितकंच नेहमीचं. म्हणून दोषी चाक कळलं की मेन स्विच बंद करून त्याच्या दात्यांच्या मुळाशी टोकदार सळीने एकेक खाच साफ कर. गिअरला ग्रीस थापू नकोस, त्यात चिप चिकटून बसते. तेलाचे थेंब पुरेत. आणि चालू गिअरजवळ कापसाचं वेस्ट नेणं किंवा स्पिंडल फिरत असताना टंबलरचा दांडा ओढणं, या दोन गोष्टी कितीही घाई असली तरी करायच्या नाहीत.

दोन फेऱ्यांच्या ठोक्यात गिअर की स्क्रू हा प्रश्न उरतोच, कारण दोघे एकाच शाफ्टवर. हाफ नट सोड. भार गेल्याने आवाज मंदावेल, पण ठोका तसाच येत राहिला तर ६० चा गिअर किंवा त्याची चावी. पूर्ण थांबला तर स्क्रूच्या टोकाचा कॉलर आणि हाफ नट बघ. कॉलर तिरका घासत असेल तर स्क्रू दर फेरीला किंचित पुढे-मागे होतो, आणि ती चूक आट्यांत उतरते. त्या वेळी क्वाड्रंटवर दिवसभर झटलास तरी काही हाती लागणार नाही.

आता तुझा आक्षेप. दात्यांत ढिलाई राहिली तर आटे चुकतील, म्हणून घट्ट बसवले, असं तू म्हणशील. आटा पाडताना जोर सतत एकाच दिशेने असतो, त्यामुळे सगळी ढिलाई एका अंगाला ओढली जाते आणि पिचवर तिचा परिणाम होत नाही. ती जाणवते उलट फिरवताना. त्यासाठीच टूल मागे घेऊन सॅडल सुरुवातीच्या थोडं पलीकडे नेतात, म्हणजे काप सुरू होण्याआधी ढिलाई संपलेली असते. याउलट घट्ट बसवलेल्या गिअरमध्ये दात्याचा माथा समोरच्याच्या मुळाला टेकतो, तेल राहायला जागा उरत नाही आणि बुश झिजतो. तुझी घरघर तीच. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घालून हाताने फिरव. पट्टीला नागमोडी घड्या पडाव्यात, पण ती कातरली जाऊ नये. यातही एक खोच आहे. जुना गिअर थोडा केंद्राबाहेर फिरत असतो, म्हणून पूर्ण फेरी फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोध आणि पट्टी तिथे घाल. सैल जागेवर बसवलंस तर अर्ध्या फेरीनंतर पुन्हा जाम होईल.

मुरलेल्या टर्नरला खडू लागत नाही, नुसत्या कानाने कळतं, असंही कोणी सांगेल. खरं आहे. पण तो कानही फेऱ्याच मोजत असतो, फक्त बोलून दाखवत नाही.

राहिला सरळ नवा गिअर घालण्याचा सल्ला. जुन्या बाजारात ६० दात्यांचा गिअर मिळेल, पण दाते मोजून घेऊन येशील तर फसशील. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये आला, त्यामुळे बाजारात इंची आणि मेट्रिक दोन्ही माल मिसळलेला आहे. तुझ्या लेथचे गिअर २० डायमेट्रल पिचचे असतील तर ६० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास ७८.७४ मिलिमीटर भरेल. सव्वा मॉड्यूलचा असेल तर ७७.५. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, थोडे फिरतातही, पण जोडले की आवाज कायमचा. व्हर्नियर मात्र एका मापात निवाडा करतो. त्यातही जुन्या इंची गिअरच्या दात्याचा प्रेशर अँगल बहुधा साडेचौदा अंशांचा, नव्याचा वीस; व्यास जुळूनही जोडी जमत नाही ती यामुळे. शंका असेल तर गिअर सोबत नेऊन दाते एकमेकांत बसवून बघ, फट दिव्यासमोर धर.

किती फेऱ्यांनी ठोका येतो आणि खूण सरकते की नाही, ते कळव. गिअर काढावाच लागला तर बाहेरचा व्यास, बोअर, चावीची खाच आणि दात्याची रुंदी मोजून लिहून पाठव.

तुझा,
काका