क्लब बंद पडले, माणूस उभा राहिला : डेरिक परेरांकडून तीन धडे



आधी एक प्रश्न. तुमचा माल किंवा तुमची सेवा घेणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक उद्या सकाळी म्हणाला, "आमचं आता थांबवतोय", तर तुमच्याकडे काय उरेल?

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न रोजचा आहे. कुणाच्या होमस्टेचं सगळं बुकिंग एकाच ॲपवरून येतं. कुणाची सुकी मासळी एकच व्यापारी उचलतो. कुणी एकाच रिसॉर्टला पोळी-भाजी पुरवतो. आधार भक्कम वाटतो, पण तो आपल्या हातातला नसतो.

म्हणून आज गोव्याच्या एका फुटबॉलवाल्याची गोष्ट. अलिबाग-मुरूडची पोरं क्रिकेट आणि कबड्डीची, मला माहितेय. पण ही गोष्ट खेळापेक्षा धंद्याला जास्त लागू पडते.

डेरिक परेरा. गोव्याच्या साळगावकर क्लबचे बचावपटू, भारतीय संघाचेही खेळाडू. 1988 आणि 1989 अशी लागोपाठ दोन वर्षं साळगावकरने फेडरेशन कप जिंकला, तो हा काळ. खेळ संपल्यावर ते प्रशिक्षक झाले आणि 2005 मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे होते. त्या हंगामात महिंद्राने फेडरेशन कप जिंकला आणि 2005-06 ची राष्ट्रीय लीगसुद्धा. मुंबईच्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आता धडे बघू.

धडा 1 : पाय थकतात, समज थकत नाही

गोल मारणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. बचावपटूने दहा हल्ले अडवले तर कुणी लिहीत नाही, एक चुकला की सगळे बोट दाखवतात. पण त्याला एक फायदा असतो. तो मागे उभा असतो, त्यामुळे अख्खं मैदान त्याच्यासमोर असतं. कोण जागेवर नाही, कुठे भगदाड पडलंय, हे त्याला आधी दिसतं आणि तो ओरडून सांगतो.

प्रशिक्षकाचं काम हेच आहे, फक्त एक फरक. प्रशिक्षकाला चेंडूला पाय लावता येत नाही. रेषेबाहेर उभं राहून अकरा जणांकडून काम करून घ्यायचं.

समजा, नागावला तुमची घरगुती खानावळ आहे. सोलकढी, सुरमई सगळं तुम्हीच बनवता, हाताला चव आहे. एक दिवस तुम्हाला ताप आला की खानावळ बंद! म्हणजे तुम्ही अजून खेळाडूच आहात. मसाल्याचं प्रमाण, मासळी घेताना काय बघायचं, हिशोब कसा लिहायचा, हे वहीत उतरवलं आणि दुसऱ्याला शिकवलं, की तुम्ही प्रशिक्षक झालात. मालकाचं खरं काम तिथून सुरू होतं.

धडा 2 : जर्सी दुसऱ्याची, पद्धत आपली

2010 मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला. खेळून तळाला गेला म्हणून नव्हे, तर कंपनीने ठरवलं म्हणून. परेरा तोवर पुण्यात, पुणे एफसीकडे होते. हा क्लब नुकताच वरच्या गटात चढलेला होता. 2009-10 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे पहिल्याच वर्षी, तो तिसरा आला. 2012-13 मध्ये दुसरा. पुढे काही वर्षांत तोही बंद.

मग परेरा पुन्हा साळगावकरकडे गेले. 2016 मध्ये साळगावकरने आय-लीगमधून माघार घेतली. तोवर ते पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्सकडे होते. पुढे तो संघही राहिला नाही.

मोजा बरं. चार क्लब. तीन बंद पडले आणि चौथ्याने आय-लीग सोडली. यातला एकही निर्णय प्रशिक्षकाच्या हातात नव्हता. तरी प्रत्येक वेळी कुणीतरी बोलावणारं होतं. का? माझं मत सांगतो. क्लबचं मैदान, बस, पैसा मालकाचा असतो. पण संघ बांधायची रीत आणि त्यातून झालेलं नाव माणसाबरोबर पुढच्या गावाला जातं.

आपल्या धंद्यात याचा अर्थ काय? ॲपवरचे स्टार ॲपचे आहेत. पण येऊन गेलेल्या पाहुण्याचा नंबर, त्याला काय आवडलं याची नोंद आणि पुढच्या वर्षी मंडव्याला रो-रोने उतरल्यावर थेट तुम्हालाच फोन करण्याची त्याची सवय, हे तुमचं आहे. ते जमवायला आजपासून लागा.

धडा 3 : खुर्ची लहान झाली तरी माणूस लहान होत नाही

2017 मध्ये परेरा एफसी गोवाकडे गेले, तेही परदेशी मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली. राष्ट्रीय लीग जिंकलेला माणूस दुसऱ्या नंबरच्या खुर्चीत बसला! डिसेंबर 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षक भर हंगामात दुसऱ्या क्लबकडे गेले. तेव्हा क्लबने संघ परेरांच्या हाती दिला.

आता इथे सिनेमासारखा शेवट झाला असं सांगणार नाही. तो हंगाम एफसी गोवाने नवव्या नंबरवर संपवला. दुसऱ्याने मांडलेला डाव मधेच हातात घेऊन तो पालटणं सोपं नसतं. चालू दुकान किंवा होडी कुणाकडून घेताना हे नक्की आठवा. पण अडचणीच्या दिवशी मालकाची नजर ज्याच्याकडे वळते, तो माणूस होणं ही कमाईच आहे.

वहीत करायचा अभ्यास

1. मागच्या तीन महिन्यांची विक्री काढा. सगळ्यात मोठ्या एका गिऱ्हाइकाकडून किती आली? अर्ध्याहून जास्त असेल तर त्याखाली लाल रेघ मारा.
2. फक्त तुम्हालाच येतं असं एक काम निवडा. त्याच्या पायऱ्या लिहा आणि या महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी शिकवा.
3. तुमचा आजचा आधार सुटला तर बरोबर काय नेता येईल, त्या पाच गोष्टी लिहा. पाच होत नसतील तर घाबरू नका. जेवढ्या कमी, तेवढं काम बाकी.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. कोळी बांधव तेव्हा जाळी दुरुस्त करत बसतात, कारण होडी पुन्हा समुद्रात जाणार हे त्यांना ठाऊक असतं. तुमचा हंगाम सुरू असतानाच तुमची जाळी तपासून घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर वही भरा!