आज्ञावलींतील रंग

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांच्या ध्यानांत असेल कीं, त्यांतील मजकूर काळ्या शाईचा असून श्लोकांक, ‘उवाच’ हा शब्द आणि अध्यायाची समाप्ति एवढेंच काय तें बहुधा तांबड्या रंगानें दाखवीत. चुकलेलें अक्षर झांकावयाचें तर त्यावर पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फांसणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. रंग थोडे, आणि प्रत्येकास काम नेमून दिलेलें.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा पाठ गिरवावा असें आम्हांस वाटतें. आज्ञावली ज्या एडिटरमध्यें लिहितात, तो शब्दांची जात ओळखून त्यांस निरनिराळे रंग देतो. संगणकास त्यांचें कांहीं प्रयोजन नाहीं. ते केवळ वाचणाऱ्यासाठीं असतात. पायथनबरोबर मिळणाऱ्या ‘आयडल’ एडिटरच्या मूळ योजनेंत भाषेचे राखीव शब्द नारिंगी, अवतरणांतील मजकूर हिरवा, टीपा तांबड्या, अंगभूत नांवें जांभळीं आणि नवीन व्याख्येचें नांव निळें असतें. इतर एडिटरांत मुलें हौसेनें याहून कितीतरी रंग घेतात, आणि पडद्यावर रंगपंचमी होते!

१९८० सालीं ॲन ट्रीझमन व गॅरी जेलेड यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, अक्षरांच्या समूहांत एकच अक्षर निराळ्या रंगाचें असल्यास, भोंवतीं कितीही अक्षरें असलीं तरी तें तत्काळ सांपडतें. परंतु तो रंग भोंवतालच्या दुसऱ्या कोणत्याही अक्षरास नसेल तरच हें घडतें. तोच रंग भोंवतीं इतरांसही असला म्हणजे डोळ्यांस पुष्कळदां एकेक अक्षर हुडकावें लागतें.

मग रंग द्यावा कशास? ‘इफ’, ‘फॉर’ हे राखीव शब्द बहुतेक वेळां ओळीच्या आरंभींच असतात व त्यांखालील ओळी आंत सरकलेल्या असतात. ते न रंगवितांही दिसतात. अवतरणाची गोष्ट निराळी. मिटवणारें चिन्ह विसरल्यास हिरवा रंग ओळीच्या अखेरपर्यंत वाहत जातो. तिहेरी अवतरण असेल तर खालची सारी आज्ञावली हिरवी होते. चूक कोठें सुरू झाली, हें संगणकाच्या तक्रारीआधींच कळतें. हें रंगाचें खरें काम. टीपाही ठळक असाव्यात. कित्येक योजनांत त्या फिक्या करड्या रंगांत बुडवितात, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं, कारण लिहिणाऱ्यानें माणसांसाठीं लिहिलेलें तेवढेंच असतें.

पालकांनींही एक गोष्ट जाणावी. कांहीं मुलांस, विशेषतः मुलग्यांस, तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतःच नीट दिसत नाहीं, आणि पुष्कळदां तें घरांत कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. टीप ‘हॅश’ चिन्हानें आणि मजकूर अवतरणानें सुरू होतो, म्हणून आयडलमध्यें अशा मुलाचें अडत नाहीं. परंतु शिक्षकानें ‘तांबडी ओळ पाहा’ म्हटलें, तर तो बिचारा काय पाहणार? ओळीचा क्रमांक सांगावा.

प्रयोग करावयाचा असल्यास आयडलच्या ‘ऑप्शन्स’ मेनूंतून ‘कॉन्फिगर आयडल’ उघडावें व ‘हायलाइट्स’ या भागांत राखीव शब्द आणि अंगभूत नांवें काळीं करावीं. नव्या योजनेस नांव विचारलें जाईल तें द्यावें. मूळ योजना जशीच्या तशी राहते.